कंट्रोलर बसवला, तरी घर दमटच का? : वाचकांचे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बुरशी, ओल आणि आर्द्रता कंट्रोलर हे तीन शब्द हमखास असतात. कंट्रोलर म्हणजे हवेतली आर्द्रता मोजून यंत्र आपोआप चालू-बंद करणारा डबा. उत्तरांआधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. आर्द्रतेच्या मीटरवर दिसणारे टक्के म्हणजे हवेत किती पाणी आहे त्याचा आकडा नव्हे. त्या तापमानाला हवा जेवढी वाफ धरू शकते, त्यातली किती धरलेली आहे, एवढंच तो सांगतो. ३० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ धरते, २० अंशांना फक्त १७ ग्रॅम. त्यामुळे थंड हवेचे ९० टक्के आणि गरम हवेचे ६० टक्के यांत जास्त पाणी कुठे आहे, हे तापमान पाहिल्याशिवाय कळत नाही. पत्रांतल्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच आहे.

प्रश्न : रत्नागिरीत आमच्या घरी १२ बाय १० फुटांची पुस्तकांची खोली आहे. एक हार्मोनियमही तिथेच असते. दर पावसाळ्यात पुस्तकांच्या कण्यांवर पांढरी बुरशी येते. यंदा डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी काढणारं यंत्र) आणि ऑनलाइन मिळणारा आर्द्रता कंट्रोलर घेणार आहोत. किती लिटरचं यंत्र घ्यावं? कंट्रोलर कसा जोडावा, किती टक्क्यांवर ठेवावा? जोडीला एक्झॉस्ट फॅन लावला तर फायदा होईल का?

उत्तर : फॅनचं आधी सांगतो, कारण त्यानेच सगळी मेहनत वाया जाते. जुलैत तुमच्याकडे बाहेरची हवा २७ अंश आणि ९० टक्के धरली, तर तिच्यात घनमीटरला सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं. खोलीत तुम्हाला २८ अंशांना ६० टक्के हवे आहेत, म्हणजे १६ ग्रॅम. फॅन आतली १६ ग्रॅमची हवा बाहेर टाकणार आणि दाराच्या फटीतून २३ ग्रॅमची आत ओढणार. पावसाळ्यात त्या खोलीला फॅन नको, खिडकी उघडी नको आणि दाराखालच्या फटीला रबराची पट्टी हवी. फॅनचे दिवस डिसेंबरात येतात. तेव्हा सकाळी बाहेर २० अंश आणि ८५ टक्के असले, तरी पाणी १५ ग्रॅमच्या आत असतं. आत २८ अंशांना ६५ टक्के म्हणजे जवळपास १८ ग्रॅम. बाहेरचे टक्के जास्त असूनही बाहेरची हवा कोरडी आहे. अशा वेळी खिडक्या सताड उघडाव्यात.

आता लिटर. खोलीची उंची १० फूट धरली तर १२०० घनफूट, म्हणजे ३४ घनमीटर हवा. दारं-खिडक्या बंद असल्या तरी फटींतून तासाला निम्मी हवा बदलते असं धरू, म्हणजे १७ घनमीटर. प्रत्येक घनमीटरमागे ७ ग्रॅम काढायचे, तर तासाला १२० ग्रॅम आणि दिवसाला ३ लिटरच्या आत. आकडा लहान वाटेल, पण दोन गोष्टी विसरू नका. खोक्यावर छापलेले लिटर बहुधा ३० अंश आणि ८० टक्क्यांना मोजलेले असतात. हवा ६० टक्क्यांवर आली की तेच यंत्र साधारण निम्मंच पाणी काढतं. दुसरी गोष्ट म्हणजे पुस्तकं. दोन महिने दमट हवेत राहिलेला कागद वजनाच्या ५-६ टक्के जादा पाणी धरून बसलेला असतो. २०० किलो पुस्तकं असतील तर १० ते १२ लिटर पाणी कागदातच आहे, आणि ते हळूहळू बाहेर येतं. म्हणून खोक्यावर १० ते १२ लिटर लिहिलेलं यंत्र घ्यावं. पहिला आठवडा ते जवळपास अखंड चालेल. यंत्र बिघडलंय असं समजून बंद करू नका. कपडे वाळत घालायचे असतील तर दुसरी खोली शोधा. मशीनमधून पिळून आलेल्या एका धुण्यातही दीड-दोन लिटर पाणी सहज असतं.

यंत्र विकत घेण्याआधी दुकानातच एक चाचणी करा. ते चालू करा, सॉकेटचं बटण बंद करा, पाच मिनिटांनी पुन्हा लावा. आपोआप चालू झालं तरच बाहेरचा कंट्रोलर त्याला उपयोगी. टच बटणांची बरीच यंत्रं वीज परत आल्यावर नुसता लाल दिवा दाखवत उभी राहतात. अशा यंत्राला कंट्रोलरने वीज दिली काय आणि न दिली काय, सारखंच. तिथे यंत्राचीच आर्द्रतेची सेटिंग वापरा आणि कंट्रोलरचे पैसे वाचवा. आपोआप चालू होणारं असेल, तर त्याची स्वतःची सेटिंग ‘सतत’वर ठेवा. नाहीतर दोन कंट्रोलर एकमेकांशी भांडत बसतात.

जोडणी अशी. एमसीबी बंद करा आणि टेस्टरने खात्री करा. स्वतःला सवय नसेल तर हे काम वायरमनकडूनच करून घ्या. कंट्रोलरच्या दोन टोकांना फेज आणि न्यूट्रल, ही त्याची स्वतःची वीज. तिसरी-चौथी टोकं रिलेची, म्हणजे कंट्रोलर ज्याने यंत्राची वीज जोडतो-तोडतो त्या आतल्या स्विचची. फेजची एक फांदी रिलेच्या ‘कॉमन’ टोकाला, रिलेच्या ‘नॉर्मली ओपन’ टोकातून सॉकेटच्या फेजला. न्यूट्रल आणि अर्थिंग सॉकेटला थेट, रिलेतून नाही. काही डब्यांत रिलेची टोकं आतूनच विजेला जोडलेली असतात. त्यामुळे वायर लावण्याआधी डब्यावरची आकृती बघा आणि मल्टिमीटरने तपासा. वायर १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची चालेल, यंत्राला दीड-दोन अँपिअरच लागतात. रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असलं, तरी तो आकडा हीटरसारख्या साध्या भारासाठी असतो. कॉम्प्रेसर सुरू होताना काही क्षण कितीतरी पट जास्त प्रवाह घेतो, म्हणून चार-पाच अँपिअरच्या वरचं यंत्र अशा रिलेवर सोडू नये. मध्ये काँटॅक्टर (जड भारासाठीचा मोठा रिले) घालावा. ओलसर घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल, तर हे सगळं करण्याआधी तो बसवा.

सेन्सरची जागा हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. आतल्या भिंतीवर, जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, यंत्राच्या तोंडापासून दूर. यंत्रातून बाहेर पडणारी हवा गरम आणि कोरडी असते. तिथे सेन्सर लावला तर पाच मिनिटांत ‘काम झालं’ म्हणून यंत्र बंद होतं आणि कपाटाच्या मागे ८० टक्के तसेच राहतात. सेन्सर कंट्रोलरच्या डब्यातही कोंबू नका. डबा स्वतः गरम होतो, आणि सेन्सर फक्त १ अंशाने गरम असला तरी ६० च्या जागी ५६-५७ टक्के दाखवतो. पावसाच्या बाजूच्या भिंतीवरही नको. कपाटं त्या भिंतीपासून मात्र तीन इंच पुढे ओढा, मागून हवा फिरली पाहिजे.

आता आकडे. या डब्यांत बहुधा दोनच सेटिंग असतात, ‘सुरू’ आणि ‘बंद’. ‘सुरू’चा आकडा ‘बंद’पेक्षा मोठा ठेवला तर डबा हवा कोरडी करण्याचं काम करतो. उलट ठेवला तर हवा ओली करण्याचं. आकडे उलटे पडले की खोली ओली असताना यंत्र गप्प आणि कोरडी असताना चालू, आणि माणूस वायरिंग तपासत बसतो. तुमच्यासाठी शेवटचे आकडे सुरू ६२, बंद ५५. दोन्हींत निदान सहा-सात टक्क्यांचं अंतर हवंच. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर आतल्या वायूचा दाब समान व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात, आणि त्याआधी पुन्हा सुरू केला तर तो कण्हत राहतो, गरम होतो, कधी जळतो. कंट्रोलरमध्ये ‘विलंब’ची सेटिंग असेल तर ५ मिनिटं ठेवा. नसेल तर अंतरच वाढवा. एक तास बसून मोजा. यंत्र पाच-सहा वेळांपेक्षा जास्त सुरू होत असेल, तर अंतर कमी आहे किंवा सेन्सर यंत्राच्या झोतात आहे.

हार्मोनियमसाठी एक काळजी. ८५ वरून थेट ५५ वर आणू नका, लाकूड एका बाजूने आक्रसतं आणि सांधे उकलतात. ‘बंद’चा आकडा आधी ७५ आणि ‘सुरू’चा त्याहून सात वर, मग दोन्ही दर तीन-चार दिवसांनी पाच-पाचने खाली. ५० च्या खाली जायची गरज नाही. बुरशीला साधारण ७० च्या वर दीर्घकाळ राहिलेली ओल लागते. ६५ च्या आत राहिलात तर पुस्तकं सुरक्षित.

आणि खोली उबेल, याची तयारी ठेवा. ३०० वॉटचं यंत्र तासाला अर्धा लिटर पाणी काढत असेल, तर वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता धरून खोलीत सुमारे ६४० वॉट सोडतं. दोनेक अंश तापमान वाढणं हा दोष नाही. टाकी भरली की आतला तरंगता स्विच यंत्र बंद करतो. रोज ओतणं जमणार नसेल तर मागच्या तोंडाला नळी लावून ती सलग उताराने मोरीत सोडा. मध्ये नळी वर उचलली गेली तर पाणी तुंबतं. हवेच्या फिल्टरची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा.

प्रश्न : एकाच टेबलावर ठेवलेले दोन मीटर ५८ आणि ७१ टक्के दाखवतात. खरं कोण? (सांगली)

उत्तर : मिठाला विचारा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या आणि त्यात थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळता कामा नये, वर पाणीही तरंगता कामा नये. झाकण आणि दोन्ही मीटर घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा. मीठ मीटरला लागू देऊ नका. ऊन, पंखा, फ्रिज यांपासून लांब, तापमान स्थिर असेल अशा ठिकाणी १० ते १२ तास ठेवा. संपृक्त मिठाच्या वरची बंद हवा आपल्याकडच्या खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिरावते, २० अंशांना काय आणि ३० ला काय, फरक नगण्य. पिशवी न उघडता आकडा वाचा. एक ६८ दाखवत असेल तर त्यात ७ मिळवायचे. कंट्रोलरच्या मेनूत ‘दुरुस्ती’ची सेटिंग असते, तिथे हाच आकडा घालायचा. तारेवरचा सेन्सर असेल तर पिशवीच्या तोंडाला तारेभोवती टेप लावून हीच चाचणी होते.

डीएचटी-११ नावाचा निळा सेन्सर लावलेले स्वस्त मीटर ५ टक्के इकडे-तिकडे असणारच, तो त्यांचा जाहीर केलेला नेमकेपणा आहे. एसएचटी-३१ जातीचे सेन्सर २ टक्क्यांच्या आसपास राहतात. पण चांगला सेन्सरही बिघडतो, आणि त्याला बिघडवणाऱ्या वस्तू आपल्याच कपाटात असतात : डांबराच्या गोळ्या, कापूर, ताज्या रंगाचा थिनर. आर्द्रता मोजणारा पातळ थर या वाफा शोषतो आणि आकडा सरकतो. दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी मिठाची चाचणी करावी.

प्रश्न : ठाण्यात दहाव्या मजल्यावर राहतो. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी २२ अंशांवर ठेवूनही मीटर ७० टक्के दाखवतो. वायफायवर चालणाऱ्या १६ अँपिअरच्या प्लगला एसी जोडून, आर्द्रता वाढली की चालू आणि कमी झाली की बंद, असं करता येईल का? शिवाय एसीच्या खोलीची भिंत पलीकडच्या हॉलच्या बाजूने काळी पडते आहे.

उत्तर : प्लगने इन्व्हर्टर एसीची वीज तोडू नका. तो बंद करायचा असतो रिमोटने, म्हणजे कॉम्प्रेसर, पंखा आणि आतलं सर्किट आपल्या क्रमाने थांबतात. चालत्या कॉम्प्रेसरची वीज दिवसातून दहा वेळा गेली तर सर्किट बोर्डावर ताण येतो, आणि प्लगमधला छोटा रिले कधीतरी चिकटून बसतो. मग ‘बंद’ दाखवूनही एसी चालूच. यासाठी रिमोटच्या इन्फ्रारेड खुणा पाठवणारी छोटी डबी मिळते. तिला एसीसमोर, मध्ये काही आडवं न येता ठेवायचं, आणि नियम असा लिहायचा : आर्द्रता ६५ च्या वर दहा मिनिटं राहिली तर ‘ड्राय’ मोड, ५५ च्या खाली आली तर ‘कूल’ २६ अंश. दहा मिनिटांची अट महत्त्वाची आहे. दार उघडलं तरी मीटर उडी मारतो.

मुळात ७० टक्के का राहतात? खोलीच्या मानाने एसी मोठा असेल, तर इन्व्हर्टर लगेच वेग कमी करतो. मग हवा गार करणारी आतली जाळी (कॉइल) पुरेशी थंड राहत नाही, हवा गार होते पण पाणी गळत नाही. त्यात पंखा जोरात असेल तर आणखी वाईट. पंखा ‘कमी’वर ठेवा, जाळी जास्त थंड होते आणि जास्त पाणी काढते. तापमान २६ करा. २०२० पासून आपल्याकडे स्टार लेबलचे घरगुती एसी सुरू केल्यावर आपोआप २४ अंशांवर येतात. त्याच्याही वर दोन अंश ठेवायला घाबरू नका. २६ अंश आणि ५५ टक्के ही झोप २२ अंश आणि ७० टक्क्यांच्या झोपेपेक्षा चांगली असते, अंथरूण गार-ओलं लागत नाही. बाहेर पडणाऱ्या पाण्याची नळी एकदा बघा. रात्रभर एसी चालून बादलीत काहीच जमत नसेल, तर पाणी कुठेतरी तुंबलं आहे किंवा निघतच नाही. सकाळी बंद करण्याआधी १५-२० मिनिटं नुसता पंखा चालवा, जाळी वाळते आणि कुबट वास येत नाही. त्या वेळी खिडकी उघडा, नाहीतर तीच वाफ खोलीत परत येते.

काळी भिंत ही हॉलची तक्रार आहे, एसीच्या खोलीची नाही. हॉलमधली हवा २७ अंश आणि ९० टक्के असेल, तर तिच्यातली वाफ २५ अंशांच्या पृष्ठभागावर पाणी होऊ लागते, हाच तिचा दवबिंदू. तुम्ही पलीकडे २२ अंश ठेवता, भिंत २३-२४ होते आणि हॉलच्या बाजूने दिवसभर घाम धरते. वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावून तिथे काही निघणार नाही. एसी २६ वर नेला की भिंत दवबिंदूच्या वर येईल. तेवढ्याने भागलं नाही, तर हॉलमध्ये त्या भिंतीवर पंख्याचा वारा लागेल असं करा आणि भिंतीला टेकलेलं कपाट हलवा. काळे डाग ब्लीचिंगच्या पातळ पाण्याने पुसा आणि भिंत पूर्ण वाळल्यावरच रंग द्या.

प्रश्न : मडगावमध्ये कॅमेऱ्याच्या लेन्स ठेवायच्या कपाटात जुन्या पद्धतीने बल्ब लावतात तसा लावू का? एलईडी चालेल?

उत्तर : एलईडीने पुरेशी उष्णताच मिळत नाही, त्यामुळे नाही. तारेच्या बल्बने कपाट २७ वरून ३० अंशांवर गेलं तर ८५ टक्क्यांचे ७२ होतात. बुरशीसाठी तेही पुरेसे, आणि लाकडी कपाटात आगीची भीती वेगळी. त्यापेक्षा रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या. २० लिटरच्या डब्यातल्या हवेत अर्धा ग्रॅमही पाणी नसतं, ते काढायला १०० ग्रॅम सिलिका जेल खूप झालं. खरं पाणी चामड्याच्या पिशव्या आणि कापडी पट्ट्यांमधून येतं, त्या डब्यात ठेवू नका. ४० ते ४५ टक्के पुरे. ३५ च्या खाली रबर आणि वंगण सुकतं. भगवे दाणे हिरवे झाले की १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा.

प्रश्न : नागपूरला उन्हाळ्यात कूलर झकास चालतो, पण जूनच्या शेवटी घरात चिकचिक होते आणि गाद्या ओलसर लागतात. आर्द्रता कंट्रोलर कूलरला लावता येतो का?

उत्तर : येतो, आणि खर्चही फार नाही. फक्त तो पंख्याला नाही, पंपाला लावायचा. कूलरची ताकद हवेच्या कोरडेपणावर आहे. मे महिन्यात ४४ अंश आणि १५ टक्के असताना ओल्या कापडाचा थर्मामीटर सुमारे २३ दाखवतो, म्हणजे पाणी उडवून हवा जास्तीत जास्त तेवढीच गार होऊ शकते. चांगली ताटी ४४ आणि २३ मधल्या फरकाचा ८० टक्के भाग कमावते, म्हणजे हवा २७ अंशांवर येते. पाऊस पडून ३२ अंश आणि ७५ टक्के झाले की तोच थर्मामीटर २८ दाखवतो, आणि कूलर जेमतेम तीन अंश कमावून हवा ९५ टक्के ओली करून देतो. त्या दिवसांत पाणी बंद ठेवून नुसता पंखा चालवला तर जास्त बरं वाटतं. कंट्रोलर हेच आपोआप करतो.

पंपाची वायर पंख्यापासून वेगळी काढा. बहुतेक कूलरमध्ये त्याचं बटण वेगळंच असतं. त्या बटणानंतर फेज रिलेतून न्या. पंप २० ते ४० वॉटचा, त्यामुळे रिलेची काळजी नाही. इथे ‘सुरू’ चा आकडा लहान आणि ‘बंद’ चा मोठा : सुरू ५५, बंद ६५. सेन्सर कूलरच्या झोतात लावला तर पंप दर मिनिटाला फटफटेल, कारण झोतातली हवा नेहमीच खूप ओली असते. समोरच्या भिंतीवर, हवा बाहेर जाते त्या खिडकीजवळ लावा. आणि ती खिडकी उघडीच हवी! कूलर लावून घर बंद केलं तर अर्ध्या तासात आतली हवा तीच तीच ओली होत जाते आणि कोणताही कंट्रोलर काही करू शकत नाही. कूलर जितकी हवा आत टाकतो तितकी बाहेर जायला त्याच्या समोरच्या बाजूला निदान कूलरच्या तोंडाएवढी वाट ठेवा.

पत्र्याच्या कूलरला अर्थिंग आणि आरसीसीबी याबाबत तडजोड नको. ओला पत्रा, ओली फरशी आणि अनवाणी पाय असा हा मामला आहे. पाणी भरताना प्लग काढायचाच.

प्रश्न : शिकागोजवळ घर घेतलं आहे. घर गरम करणाऱ्या भट्टीला जोडलेला ह्युमिडिफायर (हवा ओली करणारं यंत्र) आहे, पण भट्टी चालू-बंद करणारा भिंतीवरचा जुना थर्मोस्टॅट बदलून वायफायवाला बसवायचा आहे. जानेवारीत आर्द्रता ४५ टक्के ठेवली तर खिडक्यांवरून पाणी ओघळतं, कमी ठेवली तर घरातला तंबोरा तडकेल अशी भीती वाटते.

उत्तर : तिथली अडचण आपल्या अगदी उलट आहे. बाहेरची उणे १० अंशांची हवा घनमीटरला दोन-सव्वादोन ग्रॅमच पाणी धरते. ती घरात येऊन २१ अंशांवर तापली की १२ टक्क्यांची होते. म्हणून पाणी घालावं लागतं. पण २१ अंशांना ४५ टक्के म्हणजे दवबिंदू साडेआठ अंशांच्या आसपास. कडाक्याच्या थंडीत काचेच्या कडा त्याहून थंड असतात, पाणी ओघळणारच, आणि तेच भिंतीच्या आतल्या लाकडातही जमतं. त्यामुळे घरासाठी एकच आकडा धरून बसता येत नाही. बाहेर उणे ७ असताना ३५ टक्के, उणे १८ ला २५, उणे २९ ला १५, असा उतरता क्रम ठेवावा. नव्या थर्मोस्टॅटमध्ये ‘फ्रॉस्ट कंट्रोल’ नावाची सेटिंग असेल तर ती हेच करते, चालू करा. तंबोऱ्यासाठी सगळं घर ओलं करू नका. त्याला बंद पेटीत ठेवा आणि पेटीत वाद्यांसाठी मिळणाऱ्या आर्द्रता राखणाऱ्या पुड्या ठेवा, ४५ ते ५० टक्क्यांच्या. भट्टीची गरम हवा येते त्या जाळीजवळ पेटी नको.

थर्मोस्टॅट बदलताना आधी भट्टीचा ब्रेकर बंद. २४ व्होल्टच्या वायरींनी झटका बसत नाही म्हणून लोक हे टाळतात. मग ‘आर’ आणि ‘सी’ वायर एकमेकींना लागतात आणि भट्टीच्या बोर्डावरचा ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज जातो. कडाक्याच्या थंडीत हे परवडत नाही. जुन्या जोडणीचा फोटो काढा आणि प्रत्येक वायरीवर तिच्या टोकाचं अक्षर लिहून चिठ्ठी लावा. रंगावर जाऊ नका, आधीच्या माणसाने रंग पाळलेले असतीलच असं नाही. ‘आर’ वीज, ‘डब्ल्यू’ उष्णता, ‘वाय’ थंडावा, ‘जी’ पंखा. वायफायच्या थर्मोस्टॅटला सतत वीज लागते, त्यासाठी ‘सी’ वायर हवी. भिंतीत गुंडाळलेली न वापरलेली वायर सापडली तर तिचं दुसरं टोक भट्टीच्या बोर्डावर ‘सी’ला लावा.

ह्युमिडिफायरच्या पाण्याचा व्हॉल्व्ह २४ व्होल्टवर उघडतो. आधी बघा की त्याचा ट्रान्सफॉर्मर वेगळा आहे की भट्टीचाच. वेगळा असेल तर त्याची वीज भट्टीच्या विजेला कुठेही मिळू देऊ नका. थर्मोस्टॅटची जादा टोकं नुसता स्विच म्हणून वापरायची. मग मेनूत ‘ह्युमिडिफायर’ निवडून ‘भट्टी चालू असतानाच’ ही अट घाला. थंड नळीत पाणी फवारलं तर ते नळीतच साचतं. आतली पाण्याची ताटी दर हंगामात बदला, बायपास प्रकारातली फिरती झडप उन्हाळ्यात बंद करा. जुना थर्मोस्टॅट गोल आणि आत चकाकता थेंब असलेला असेल, तर त्यात पारा आहे. तो कचऱ्यात न टाकता घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

प्रश्न : महाबळेश्वरच्या घरी डीह्युमिडिफायर चालतो, पण टाकी कोरडीच आणि जाळीवर बर्फ. वायू संपला का?

उत्तर : बहुधा नाही. पावसाळ्यात तिथे खोलीत १७-१८ अंश असतात. कॉम्प्रेसरच्या यंत्राची जाळी अशा वेळी शून्याच्या खाली जाते आणि पाण्याचं बर्फ होतं. खात्री करायची तर खोलीत दोन तास हीटर लावून २४-२५ अंश करा आणि यंत्र चालवा. बर्फ वितळून पाणी यायला लागलं तर यंत्र धडधाकट आहे. तरीही जाळीचा थोडाच भाग गोठत असेल आणि बाकी कोरडा राहत असेल, तर वायू कमी आहे. जाळी आणि फिल्टर घाणेरडे असले तरी असंच दिसतं, म्हणून मेकॅनिकला बोलावण्याआधी ते धुवा. कायमचा उपाय म्हणजे ओल शोषणारं चाक असलेलं, डेसिकंट प्रकारचं यंत्र. ते थंडीतही पाणी काढतं आणि खोली जरा जास्त उबवतं, तिथे त्याची अडचण नाही. वीज मात्र जास्त खातं. तोवर सध्याच्या यंत्राच्या कंट्रोलरमध्ये तापमानाचीही अट घालता येत असेल, तर २० अंशांच्या खाली यंत्र बंद राहील अशी घाला.